ओल्या मातीवरचे कर्जखत



या आठवड्यात खते-बियाणे जरा बाजूला ठेवू आणि एका जुन्या दप्तराची गोष्ट बोलू. आपल्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या वेळचे खरेदीखत असेल, ते फार तर शे-सव्वाशे वर्षांचे. मी सांगतो आहे ते दप्तर पाच हजार वर्षांपूर्वी सुरू झाले, आणि ते सगळे मातीचे आहे. त्यात शेतकऱ्याचे नाव आहे, धान्याचे माप आहे, व्याज आहे, साक्षीदार आहेत. म्हणून म्हटले, हा विषय इतिहासाच्या मास्तरांवर सोडण्यापेक्षा आपणच एकदा नीट पाहू.

हे दप्तर सापडले इराक देशात. युफ्रेटिस आणि टायग्रिस या दोन नद्यांमधला तो सपाट गाळाचा मुलूख. त्याच्या दक्षिण भागात पाऊस इतका थोडा की पावसावर पीक येतच नाही. कालव्याने पाणी आणावे तेव्हा शेत. तिथे दगड मिळत नाही, इमारतीचे लाकूड मिळत नाही. आहे ती माती, आणि पाणथळ जागी उगवणारे बोरू. त्या लोकांनी घरे मातीच्या विटांची बांधली, अगदी जुन्या काळी विळेसुद्धा मातीचे भाजून केले, आणि लिहायची वेळ आली तेव्हाही मातीच हातात घेतली.

लिहायची वेळ का आली, हे आपल्याला पटण्यासारखे आहे. उरुक नावाचे तिथे एक मोठे नगर होते. इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपासच्या, म्हणजे सर्वांत जुन्या पाट्या तिथे हजारोंनी मिळाल्या. त्यांतल्या पाचांपैकी चारांहून जास्त निव्वळ हिशेबाच्या आहेत. किती जव आला, कोणाला किती दिला, मेंढ्या किती, मजुरांना शिधा किती. (जव म्हणजे आपला सातू. त्या मुलखाचे ते मुख्य पीक होते.) उरलेल्या पाट्या बहुतेक शब्दांच्या याद्या आहेत, लेखनिकांना शिकण्यासाठी केलेल्या. राजांची स्तुती, देवांची गाणी, पराक्रमाच्या कथा हे सगळे पुढे काही शतकांनी आले. देवळाच्या कोठारात धान्य इतके जमू लागले आणि इतक्या हातांतून जाऊ लागले की कोणा एकाच्या आठवणीवर भागेना, तेव्हा माणूस लिहू लागला.

सुरुवातीची चिन्हे चित्रांसारखी होती. जवासाठी कणीस, बैलासाठी शिंगे असलेले डोके, खाण्यासाठी माणसाचे तोंड आणि त्यापुढे वाडगा. पण ओल्या मातीवर वळणदार रेघ ओढायला गेले की माती उचकटते. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या हातांना हे सांगायला नको. म्हणून लेखनिकांनी रेघ ओढणे सोडून दिले आणि बोरूचे कापलेले टोक मातीत नुसते दाबायला सुरुवात केली. दाबल्यावर एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळता असा ठसा उठतो. औताला ठोकतो त्या पाचरीसारखाच म्हणा ना! अशा पाचरी आडव्या, उभ्या, तिरप्या मांडून एकेक अक्षर तयार होई. म्हणून या लिपीला आज क्यूनिफॉर्म किंवा कीलाकार लिपी म्हणतात. आपल्याकडे एके काळी मुले बोरूनेच अक्षर गिरवीत, तेव्हा लेखणी आपल्या ओळखीची आहे, शाई मात्र नाही.

पाटीसाठी गाळाची बारीक माती घेत. त्यातले खडे, काड्या काढून ती मळायची आणि तळहातावर बसेल अशी चपटी वडी करायची. पुढची बाजू भरली की पाटी उलटवून मागे लिहायचे. चूक झाली तर बोटाने पुसता येई, पण हे सारे माती ओली आहे तोवरच. मग पाटी उन्हात वाळवीत. भट्टीत भाजलेल्या पाट्या थोड्या. पाणी लागले तर वाळलेली पाटी पुन्हा चिखल होते, आणि आग लागली तर उलट पक्की होते. इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये उत्तरेकडचे निनवे शहर शत्रूने जाळले. तिथल्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या पाट्यांचे आणि तुकड्यांचे मिळून सुमारे ३०,००० नग आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कागदाचे ग्रंथालय असते तर मूठभर राख उरली असती.

ही लिपी एकाच भाषेची राहिली नाही. आधी सुमेरी लोकांनी ती वापरली, मग अक्कडी बोलणाऱ्या बॅबिलोनवाल्यांनी घेतली. जशी आपली देवनागरी मराठीला, हिंदीला आणि संस्कृतलाही चालते. इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत ती कुठे कुठे लिहिली जात होती. त्यानंतर ती वाचणारा पृथ्वीच्या पाठीवर कोणी उरला नाही.

ती पुन्हा वाचली कशी गेली, त्यात आपल्या मुंबईचा थोडा धागा आहे. हेन्री रॉलिन्सन नावाचा इंग्रज तरुण १८२७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. इथल्या नोकरीत त्याने फारसी भाषा आत्मसात केली आणि पुढे त्याला इराणात पाठवले गेले. तिथे बेहिस्तून या ठिकाणी उभ्या कड्यावर सम्राट दारियसचा लेख तीन भाषांत कोरलेला आहे. रॉलिन्सनने जिवावर उदार होऊन तो उतरवायला घेतला. बॅबिलोनी भाषेतला भाग सर्वांत अवघड जागी होता. तिथवर तो स्वतः पोहोचू शकला नाही. १८४७ साली एक कुर्द मुलगा कड्याच्या फटींत खुंट्या ठोकत, दोराला लोंबकळत तिथे गेला आणि ओला कागद दाबून अक्षरांचे ठसे घेऊन आला. मोठ्या माणसांची नावे पुस्तकांत आली, त्या पोराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

लोकांचा या वाचनावर लवकर विश्वास बसेना. तेव्हा १८५७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने चार विद्वानांना एकच लेख दिला आणि प्रत्येकाने एकमेकांना न विचारता केलेले भाषांतर मोहोरबंद पाकिटात मागवले. रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबॉट आणि ऑपर्ट हे ते चौघे. पाकिटे उघडली, तेव्हा चौघांचा अर्थ मुख्य गोष्टींत जुळला. तेव्हापासून हे मातीचे दप्तर बोलू लागले. आज जगभरच्या संग्रहालयांत मिळून सुमारे पाच लाख पाट्या असाव्यात असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ अजून वाचायच्या राहिल्या आहेत.

आता माझ्या खात्याच्या कामाची एक पाटी सांगतो. सुमेरी भाषेत शेतीच्या सल्ल्याची एक रचना आहे, शंभराहून थोड्या अधिक ओळींची. तिच्या प्रती साधारण इसवी सनापूर्वी १७०० च्या आसपासच्या मिळतात. सॅम्युएल क्रेमर या अभ्यासकाने ती जगापुढे आणली आणि मिगेल सिव्हिल यांनी १९९४ साली तिची नीट आवृत्ती काढली. बापाने मुलाला शेती समजावून सांगावी अशी तिची मांडणी आहे. सुरुवात होते बांध, चाऱ्या आणि पाट तपासण्यापासून. शेतात पाणी सोडशील तेव्हा ते फार चढू देऊ नकोस. अवजारे आधी दुरुस्त करून ठेव, जादा बैल हाताशी ठेव. सुमारे सहा मीटर रुंदीत आठ तासे घाल, त्याहून दाट घेतलीस तर पीक लोळेल. बी सोडणाऱ्या माणसावर नजर ठेव, दाणा दोन बोटे खोल पडला पाहिजे.

पेरणी ते नांगराला जोडलेल्या नळीतून करीत. एक जण बैल हाकतो, एक नांगर धरतो आणि एक जण वरच्या चाड्यात मुठीने बी सोडतो, असे चित्र तिथल्या एका शिक्क्याच्या ठशात उमटलेले आहे. आपल्याकडची मोघण ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे काही वाटणार नाही.

मला सर्वांत नवल वाटले ते पाण्याच्या पाळ्यांचे. रोपांनी सरीचा तळ भरला की पहिले पाणी, जमीन चटईसारखी झाकली की दुसरे, कणीस बाहेर पडताना तिसरे. पान पूर्ण भरल्यावर पाणी देऊ नकोस, तांबेरा येईल. दाणा तयार होताना आणखी एक पाणी दिलेस तर दहा मापांमागे एक माप वाढेल. आम्ही गव्हासाठी जे सांगतो, की पाणी तारखेवर न देता पिकाच्या अवस्थेवर द्या, ते हेच की! मग कापणी: पीक वाकायच्या आत कापायला लाग आणि कापणीला तिघांची टोळी लाव.

पण हा सल्ला वाचत कोण होते? या पाट्या बहुतेक लेखनिकांच्या शाळांतल्या आहेत. मुलांनी सुमेरी भाषा शिकावी म्हणून त्या उतरवून काढायच्या. नांगर धरणाऱ्याला त्यातले एक अक्षर वाचता येत नसावे. आमच्या खात्याची किती घडीपत्रके शेतकऱ्याच्या हाती पोहोचण्याआधी गोदामात पडून राहतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा त्या शाळेला मी नावे ठेवणार नाही. निप्पूर गावी अशा एका शाळेच्या घरात हजाराहून अधिक पाट्या आणि तुकडे मिळाले. धडा झाला की माती भिजवून पुन्हा मळायची आणि नव्या पाटीला वापरायची अशी सोय तिथे होती. गणितही शेतीचेच असे. कालवा खणायला किती मजूर लागतील, या उदाहरणांत एका माणसाचे एका दिवसाचे खोदकाम सुमारे ३ घनमीटर धरतात. म्हणजे आपल्या ब्रासच्या मापाने एक ब्रास आणि वर चार टोपल्या. रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी कुदळ मारली आहे त्यांनीच सांगावे, हे माप कसे होते ते.

म्हणजे लिहिता येणारा एक आणि न येणारे गावभर. असे असताना शेतकऱ्याने धान्य कर्जाऊ घेतले, तर त्याचे रक्षण कसे व्हायचे? माझ्या मते या दप्तरातला सगळ्यात विचार करण्यासारखा भाग हाच आहे.

कर्जाची पाटी साधी असे. अमक्याकडून तमक्याने इतके माप जव घेतला, व्याज इतके, सुगीच्या वेळी जव आणि व्याज मापून देईल. खाली साक्षीदारांची नावे, महिना, दिवस आणि वर्ष. वर्षाला आकडा नसे. त्या वर्षी राजाने कालवा खणला असेल तर ते कालव्याचे वर्ष. कर्ज व्यापारी देत, देवळेही देत. धान्यावर व्याज तिसरा हिस्सा, म्हणजे तीन पोत्यांना चार, आणि चांदीवर पाचवा हिस्सा, हा हम्मुराबी राजाच्या काळचा ठरलेला दर. मुदत पुष्कळदा सुगीपर्यंतचीच असे, तेव्हा चार-सहा महिन्यांसाठीही शेतकऱ्याला तिसरा हिस्सा मोजावा लागे. दर जबर होता यात शंका नाही. शिवाय घेणारा घेतो ते कोठी रिकामी असताना, महाग धान्य. फेडतो ते खळ्यावर, धान्य स्वस्त असताना.

आता त्यांची युक्ती पाहा. पाटी लिहून झाली की तिच्याभोवती पातळ मातीचे दुसरे आवरण चढवायचे, पाकिटासारखे. त्या आवरणावर तोच मजकूर पुन्हा लिहायचा आणि त्यावर शिक्के उमटवायचे. बाहेरच्या मजकुरात कोणी माप वाढवले असा वाद निघाला, तर न्यायाधीशासमोर आवरण फोडायचे. आतल्या पाटीला मधल्या काळात कोणाचा हात लागलेला नसतो, तिथे जे लिहिले असेल ते खरे. शिक्का म्हणजे दगडाचा लहानसा कोरीव लाटण्यासारखा तुकडा, ओल्या मातीवर फिरवला की चित्र उमटते. ज्याच्याकडे शिक्का नसे तो नखाचा ठसा उठवी, नाहीतर अंगावरच्या वस्त्राचा काठ मातीत दाबी. अंगठा उठवणारी आपली माणसे आठवा. ज्या विद्वानांना हे ठसे संग्रहालयात पाहायला मिळतात, त्यांना चार हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतकऱ्याचे नख पाहायला मिळते.

आणि कर्ज फिटले की पाटी फोडायची. हीच पावती. सावकाराकडे पाटी सापडेना, तर तसे दुसऱ्या पाटीवर लिहून घेत की जुनी पाटी पुढे कुठे निघाली तर ती फोडावी, तिला किंमत नाही. मला हे वाचताना एक जुनी हकिकत आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी ज्या भागात होतो तिथल्या एका शेतकऱ्याने उसने घेतलेले पैसे पैन् पै फेडले, पण सही केलेला कोरा मुद्रांक परत मागायला तो भिडस्तपणे कचरला. तीन वर्षांनी तोच कागद भरलेला होऊन पुढे आला. बॅबिलोनच्या बाजारात त्याने आधी पाटी फोडायला लावली असती आणि मगच तो घरी गेला असता.

हम्मुराबीचे नाव वर आले. इसवी सनापूर्वी १७९२ ते १७५० हा त्याच्या राज्याचा काळ. त्याने कायदे कोरून उभी केलेली काळी शिळा, सव्वादोन मीटर उंचीची, फ्रेंच संशोधकांना १९०१-०२ च्या हंगामात इराणातल्या सुसा येथे मिळाली. आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात सुमारे २८२ कलमे मोजतात आणि त्यांतली कितीतरी शेतीची आहेत. बांध मजबूत न ठेवल्याने तो फुटला आणि शिवार वाहून गेले, तर आळशी माणसाने लोकांचे धान्य भरून द्यायचे. देता आले नाही तर त्याला आणि त्याच्या मालमत्तेला विकून येणारा पैसा नुकसान झालेल्या शेतकऱ्यांनी वाटून घ्यायचा. भाड्याचा बैल हयगयीने किंवा मारहाणीने मेला तर बैलाला बैल द्यायचा, सिंहाने मारला तर नुकसान मालकाचे. अर्धलीने किंवा तिसऱ्या हिश्श्याने शेत केले आणि पूर आला, तर उरलेले धान्य ठरल्या हिश्श्यानेच वाटायचे. धान्य देताना लहान माप आणि परत घेताना मोठे माप वापरणाऱ्या सावकाराने दिलेले सगळेच गमवायचे. कर्जापायी बायको किंवा मुले दुसऱ्याच्या घरी राबायला ठेवावी लागली, तर तीन वर्षे काम आणि चौथ्या वर्षी सुटका. कायदा कडक होता आणि काही बाबतींत क्रूरही होता, ते झाकायचे कारण नाही.

पण मी ज्या कलमापाशी थांबलो ते अठ्ठेचाळिसावे. एखाद्यावर कर्ज आहे, आणि वादळाने त्याचे शेत झोडपले, किंवा पुराने पीक नेले, किंवा पाणीच न मिळाल्याने जव उगवला नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य द्यायचे नाही. त्याने आपली पाटी पाण्याने भिजवायची, आणि त्या वर्षाचे व्याजही द्यायचे नाही.

पाटी भिजवायची! भिजवली म्हणजे माती पुन्हा मऊ झाली, मुदत बदलता आली, आकडा पुसता आला. ज्या पाण्याने पीक नेले किंवा जे आलेच नाही, त्याच पाण्याने कर्जखत ओले करायचे. त्यात उपकाराची भाषा नाही, अर्जाची नाही. पीक बुडाले, पाटी ओली केली.

तुम्ही विचाराल, हे खरेच होत असे का? प्रश्न रास्त आहे. निवाड्यांच्या पाट्या पुष्कळ मिळाल्या आहेत, पण त्यांत हम्मुराबीच्या शिळेचे कलम दाखवून न्याय दिल्याचे जवळजवळ आढळत नाही. म्हणून हे कायदे रोजच्या व्यवहारात कितपत चालत, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. काहींच्या मते ती राजाने स्वतःच्या न्यायीपणाची केलेली जाहिरात होती. सरकारी कागदावरचा नियम आणि गावातला व्यवहार यांतले अंतर मी इतकी वर्षे पाहतो आहे, तेव्हा मला या वादाचे नवल वाटत नाही.

मात्र दुसऱ्या एका गोष्टीचा पुरावा भक्कम आहे. बॅबिलोनचे राजे अधूनमधून फर्मान काढून शेतकऱ्यांची थकीत कर्जे रद्द करीत. हम्मुराबीनंतरचा चौथा राजा अम्मीसादुका याने इसवी सनापूर्वी १६४६ च्या सुमारास काढलेल्या फर्मानाचा मजकूर बराचसा उपलब्ध आहे. गरजेपोटी घेतलेली जवाची आणि चांदीची कर्जे माफ, व्यापारधंद्यासाठी घेतलेल्या रकमा मात्र फेडायच्या, असा त्यात भेद केला आहे. आणि राजाच्या लेखनिकांना सावकाराची नस नेमकी ठाऊक होती. कर्जच दिलेले असताना पाटीवर विक्री किंवा ठेव असे लिहून घेतले असेल, तर साक्षीदार आणायचे, खरे काय ते ठरवायचे आणि ती पाटी बाद करायची, असे कलम त्यात आहे. कर्जाचे खरेदीखत करून घेण्याची चाल इतकी जुनी आहे! (महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यातही अवैध सावकारीत अशी गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात चौकशी करावी.) ही फर्माने नुसती घोषणा नव्हती. नंतरच्या व्यवहारांच्या पाट्यांवर, हा व्यवहार राजाच्या फर्मानानंतरचा आहे, असे मुद्दाम लिहिलेले आढळते. आपल्या खरेदीच्या पाट्या अधिकाऱ्यांनी विनाकारण फोडल्या अशी तक्रार करणारे एका माणसाचे पत्रही मिळाले आहे.

आपल्याकडे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले, आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कर्जदाराला पावती आणि हिशेब मिळाला पाहिजे, हे त्यात आले. कागद होता म्हणून जाळता आला. बॅबिलोनच्या शेतकऱ्याने रागाच्या भरात सावकाराचे घर पेटवले असते, तर पाट्या भाजून आणखी पक्क्या झाल्या असत्या. तिथे कर्ज मिटायला पाणी तरी हवे, नाहीतर हातोडा.

शेतीचा माणूस म्हणून एक गोष्ट राहिली. १९५८ साली जेकबसेन आणि अॅडम्स या दोन अभ्यासकांनी याच हिशेबाच्या पाट्यांवरून दक्षिण भागातल्या जमिनीचा इतिहास मांडला. इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास तिथे गहू आणि जव साधारण बरोबरीने होते. २४०० पर्यंत गहू सहाव्या हिश्श्यावर आला आणि १७०० पर्यंत जवळपास संपला. जवाचे उत्पन्नही हेक्टरी अडीच हजार लिटरवरून नऊशेच्या आत आले. कारण त्यांनी दिले ते क्षाराचे: कालव्याचे पाणी भरपूर, निचरा नाही, पाण्याची पातळी वर आली आणि मीठ वर आले. जव गव्हापेक्षा क्षार जास्त सोसतो, म्हणून शेवटी तोच उरला. पुढच्या अभ्यासकांनी या आकड्यांवर आणि ते काढायच्या रीतीवर आक्षेप घेतले आहेत, सगळा दोष मिठावर टाकता येणार नाही असे ते म्हणतात. पण कालव्याखालच्या भारी जमिनीत चर न काढता पाणी देत राहिले की काय होते, हे सांगली-कोल्हापूरकडच्या ऊस पिकवणाऱ्यांना पाटी न वाचता कळते. अठ्ठेचाळिसाव्या कलमात वादळ आहे, पूर आहे, पाण्याचा तुटवडा आहे. मिठाने गेलेल्या पिकाचा उल्लेख त्यात नाही.

या कर्जाच्या पाट्या आज संग्रहालयांत अभंग दिसतात. फिटलेल्या कर्जाची पाटी फोडायची चाल होती हे लक्षात घेतले, तर त्यांतल्या काही न फिटलेल्या कर्जांच्या असाव्यात. काहींचे मूळ धनी फर्मानाने मोकळे झाले असतील आणि पाटी तशीच कोपऱ्यात पडून राहिली असेल. पाटीवरून तेवढे कळत नाही. तिच्यावर जवाचे माप आहे, सुगीचा महिना आहे, आणि शिक्क्याच्या जागी नखाची खूण आहे.